टॉवेलप्पाला पोत्यातून बाहेर काढा: सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका सभागृहाच्या विश्वस्त मंडळाला खुलं पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
स.न.वि.वि.

सभागृहाचं नाव या पत्रात मुद्दाम लिहिलेलं नाही. तुम्हाला ते सांगायची गरज नाही आणि बाहेरच्यांना नावापेक्षा काय घडलं ते कळलेलं बरं. आधी दोन अर्ज दिले, एक हाती आणि एक रजिस्टर पोस्टाने. दोन्हींचं उत्तर आलं नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

जूनमधल्या दुसऱ्या शनिवारी मी मुलांच्या बाहुल्यांच्या वर्गासाठी नेहमीप्रमाणे चारला आले, तर दाराला नवं कुलूप. एकोणीस मुलं पायऱ्यांवर बसलेली. वॉचमनमामांनी एक कागद माझ्या हातात दिला. त्यांनाही तो देताना बरं वाटत नव्हतं, हे मला दिसत होतं. कागदावर चार ओळी होत्या. बाहुल्यांचा वर्ग बंद करण्यात येत आहे, शनिवारी सभागृह बालकलाकार स्पर्धेच्या तयारीसाठी लागेल, कपाट रिकामं केलं आहे, सामान जिन्याखाली ठेवलं आहे ते घेऊन जावं.

सामान म्हणजे बाहुल्या. चौदा वर्षांत केलेल्या सदतीस बाहुल्या खताच्या दोन पोत्यांत कोंबून वरून सुतळी आवळलेली होती. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि जिन्याखाली पाणी येतं हे त्या इमारतीत वावरणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. एका पोत्याच्या उसवलेल्या शिवणीतून हिरव्या टॉवेलचा एक हात बाहेर आला होता. पाचवीतली एक मुलगी खाली वाकली, तिने तो हात आत सारायचा प्रयत्न केला आणि मला विचारलं, “बाई, ह्याला पोत्यात कशाला घातलेत?”

तिला काय सांगायचं ते मला सुचलं नाही. तुम्ही सांगा.

तो हात टॉवेलप्पाचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याला पाहिलेलं नाही, म्हणून ओळख करून देते. आपल्याच भागातल्या एका कारखान्यात डागी निघाला म्हणून बाजूला पडलेला टेरी टॉवेल, आत जुन्या गादीचा फोम, तोंडाला आतून लाल रेक्झिन, डोळ्यांना मधोमध कापलेला टेबल टेनिसचा बॉल आणि हातांना छत्रीच्या काड्या. नाव मुलांनीच ठेवलं. त्याची बहीण चादरक्का, ती जेकार्ड चादरीच्या तुकड्यांची. तिच्या पाठीवर अर्धा मोर दिसतो, उरलेला अर्धा शिलाईत गेला. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. आपल्या सभागृहातल्या प्रत्येक समारंभात हे अभिमानाने सांगितलं जातं आणि सांगायलाच पाहिजे. माझे वडील मागावर बसायचे, त्यामुळे ते ऐकताना माझाही ऊर भरून येतो. म्हणूनच त्या कापडाच्या बाहुल्या ओल्या पोत्यात पाहून मला जास्त लागलं.

बॉल कापून डोळे करायची युक्ती माझी नाही. 1955 साली अमेरिकेत जिम हेन्सन नावाच्या, नुकतंच कॉलेजात गेलेल्या मुलाने आईचा जुना कोट कापला, टेबल टेनिसचा बॉल अर्धा केला आणि एक बाहुला बनवला. त्याचं नाव केरमिट. तेव्हा तो बेडूकही नव्हता, बेडूक तो नंतर झाला. पुढे 1976 ते 1981 या काळात ‘द मपेट शो’चे 120 भाग झाले, त्यांचा सूत्रधार हाच केरमिट. शंभराहून अधिक देशांत ती मालिका दाखवली गेली. विनोद, गाणी, नाच आणि नकला असा सगळा मसाला, आणि प्रत्येक भागात एक मोठा पाहुणा कलाकार. सगळं घडतं एका जुन्या नाट्यगृहात. पडद्यापुढे प्रयोग चालू आणि पडद्यामागे गोंधळ: कुणाचा पोशाख सापडत नाही, कुणी रुसून बसलंय, कुणी तोफेतून उडायला निघालंय आणि केरमिट बिचारा सगळ्यांना सांभाळतोय. आपल्याकडच्या कुठल्याही नाटक कंपनीच्या माणसाला ते बघून आपलंच घर आठवेल.

माझ्या भाच्याने या मालिकेच्या पहिल्या तीन मोसमांच्या डीव्हीडी आणून दिल्या. पुढच्या दोन मोसमांच्या डीव्हीडी निघाल्याच नाहीत. त्यांतले तुकडे मी मुलांना वर्गात दाखवायची. पाच मिनिटं बघायचं, थांबवायचं, मी मराठीत सांगायचं, एखादी मुलगी धाकट्यांना तेलुगूत सांगायची, कोपऱ्यातून कुणी कन्नडमध्ये भर घालायचं. मग हातात बाहुल्या घ्यायच्या आणि तसंच करून बघायचं.

“नुसता टाइमपास,” असं फोनवर मला सांगण्यात आलं. तर त्या तासात काय चालायचं तेही ऐका. बाहुलीत पहिल्यांदा हात घातला की प्रत्येक मूल वरची चार बोटं उचलून तिचं तोंड उघडतं. मग बाहुली मान मागे टाकून आ करते, दाताच्या डॉक्टरपुढे बसल्यासारखी. बोटं जागेवर ठेवायची आणि अंगठा खाली सोडायचा, कारण माणूस बोलतो तेव्हा खालचा जबडा हलतो. हे कळायला एक मिनिट लागतं आणि हातात बसायला दोन महिने. दर शब्दाला नव्हे, शब्दातल्या ज्या अक्षरावर जोर असतो तिथे तोंड उघडायचं. त्यासाठी मुलाला आधी आपलंच बोलणं ऐकावं लागतं. तेलुगू घरातल्या मुलाचा जोर एकीकडे, कन्नड घरातल्याचा दुसरीकडे. ते एकमेकांचं बोलणं इतक्या बारकाईने ऐकतात, तसं मी 31 वर्षांच्या नोकरीत कुठल्याच वर्गात पाहिलं नाही. शिवाय हात कायम डोक्याच्या वर. दहा मिनिटांत खांदा भरून येतो.

हेन्सन यांचे कलावंतही असेच काम करायचे. लंडनजवळच्या एल्स्ट्रीच्या स्टुडिओत सेट जमिनीपासून उंच उभारलेले असत. कलावंत खाली उभे राहून हात वर धरायचे आणि शेजारच्या छोट्या टीव्हीत आपली बाहुली कशी दिसते ते बघत राहायचे. आमच्याकडे टीव्हीच्या जागी एका पार्लरवाल्या ताईंनी दिलेला उभा आरसा होता. तो आरसा कपाटाच्या मागे ठेवलेला असायचा. पोत्यांजवळ तो नव्हता. तो कुठे आहे?

त्या मालिकेत स्वीडिश शेफ नावाचा एक आचारी आहे. त्याचं डोकं आणि आवाज हेन्सन यांचा, पण दोन्ही हात त्यांचे सहकारी फ्रँक ऑझ यांचे, खरेखुरे माणसाचे हात. एका बाहुल्यात दोन माणसं, आणि एकाच्या मनात काय आहे ते दुसऱ्याच्या हातांना कळलं पाहिजे. आमच्या वर्गात एकमेकांशी न बोलणाऱ्या दोन मुलांना मी नेहमी असाच दोघांचा बाहुला द्यायची. कडक भाकरी मोडून शेंगा चटणीशी खायचा प्रवेश करताना ती दोन मुलं हसली नाहीत, असं एकदाही झालं नाही.

आता पाहुण्यांविषयी. माझं खरं म्हणणं इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रिता मोरेनो या नावाजलेल्या अभिनेत्री. पहिल्या मोसमात त्या पाहुण्या आल्या. त्या एक संथ गाणं म्हणत असतात आणि मागे अ‍ॅनिमल नावाचा दांडगोबा मध्येच ड्रम बडवून गाण्याचा विचका करतो. त्या त्याला डोळ्यांनी दटावतात, तो ऐकत नाही, शेवटी त्या झांजा उचलून दोन्ही बाजूंनी त्याच्या डोक्यावर हाणतात. त्या भागासाठी त्यांना 1977 साली एमी पुरस्कार मिळाला. रुडॉल्फ नुरेयेव हे त्या काळातले जगातले एक सर्वश्रेष्ठ बॅले नर्तक. ते आले आणि माणसाएवढ्या डुकरिणीला घेऊन नाचले, आणि नाचले तेही पूर्ण मन लावून. गायक हॅरी बेलाफॉन्टे आले आणि आफ्रिकी मुखवट्यांसारख्या बाहुल्यांबरोबर गायले. 1990 च्या मे महिन्यात हेन्सन गेले तेव्हा त्यांच्या स्मृतिसभेत बेलाफॉन्टे यांनी तेच गाणं म्हटलं.

या कुणालाही तिथे शाल-श्रीफळ मिळालं नाही. मिळालं ते काम, बाहुल्यांच्या बरोबरीने. पाहुणा बाहुलीच्या डोळ्यांत बघून बोलतो, तिची थट्टा सहन करतो, तिच्याबरोबर चुकतो. तीन फुटांच्या चिंधीच्या प्राण्याशी जो बरोबरीने वागतो तो माणूस मोठा, हे त्या 120 भागांत कुणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येक भागात ते दिसतं.

म्हणून आम्ही महिन्यातल्या एका शनिवारी पाहुणे बोलवायचो. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक काका आले. टॉवेलप्पाने त्यांना सतरा वेळा एकच सूर वाजवायला लावला आणि काकांनी तो सतराही वेळा वेगळा वाजवून दाखवला. सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर आल्या, त्यांनी चादरक्काला इंजेक्शन दिलं आणि चादरक्का रडली. जमखान्याचे ताणे भरणारे एक आजोबा आले, त्यांच्या हातातला दोरा बाहुल्यांनी इतका गुंतवला की तो सोडवण्यातच तास संपला. आजोबा पुढच्या महिन्यात न बोलवता आले.

आणि विडी वळणारी एक आई आली. तिची मुलगी आमच्या वर्गात होती, सातवीत. आईचं काम सांगायची तिला लाज वाटायची. शाळेच्या फॉर्मवर ती ‘गृहिणी’ लिहायची. त्या दिवशी टॉवेलप्पा तिच्या हातात होता. ती पडद्यामागे होती आणि पुढे आई सूप घेऊन बसलेली. तंबाखू आणायची नाही असं आधीच ठरलं होतं, नुसती भिजवलेली तेंदूची पानं, पत्र्याचं माप, कात्री आणि दोरा. टॉवेलप्पाने विचारलं, “अक्का, हजार वळायला किती वेळ?” आई म्हणाली, “सकाळी बसले की पोरी शाळेतून येईस्तोवर.” टॉवेलप्पाने विचारलं, “बोटं दुखतात का?” आई हसली, मग थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, “दुखतात की. तुला कोण सांगितलं?” पडद्यामागून उत्तर आलं नाही. टॉवेलप्पाने आपलं फोमचं डोकं आईच्या हातावर ठेवलं. हे मी सांगितलेलं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर त्या मुलीने ‘विडी कामगार’ लिहिलं. फॉर्म भरून घ्यायला मीच होते, म्हणून मला माहीत आहे.

तुमच्या निर्णयाने बंद पडलं ते हे.

निर्णयाची कारणं मला कागदावर कुणी दिली नाहीत. तोंडी जी कळली त्यांना उत्तर देते. एक म्हणजे, बाहुल्या हा पोरखेळ. ही समजूत जुनी आहे आणि हेन्सन यांनाही तिने छळलं. बाहुल्यांचा कार्यक्रम मोठी माणसं बघणार नाहीत म्हणून अमेरिकेतल्या मोठ्या वाहिन्यांनी त्यांना नकार दिला. अखेर ब्रिटनमधले निर्माते ल्यू ग्रेड यांनी विश्वास टाकला, म्हणून ही अमेरिकी माणसं इंग्लंडमध्ये जाऊन काम करत होती. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर समाजाने कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. त्या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. पोरखेळाला पद्मश्री देत नाहीत.

दुसरं कारण, हे परदेशी आहे. मालिका परदेशी आहे, खरंच आहे. पण शब्दभ्रमकार पाध्ये यांच्या घरातला अर्धवटराव 1916 पासून महाराष्ट्राशी बोलतो आहे. आणि आपल्या पूर्व भागाबद्दल बोलायचं तर आपले पूर्वज ज्या मुलखातून माग घेऊन सोलापुरात आले, त्या तेलुगू मुलखातच तोलुबोम्मलाट आहे. रंगवलेल्या चामड्याच्या बाहुल्या, मागे दिवा आणि पडद्यावर रामायण. माझी आजी बाहुलीला ‘बोम्मा’च म्हणायची. मुलांना आपली ही वाट मी त्या परदेशी बेडकाच्या मागून जाऊन दाखवली. त्यात कमीपणा मला वाटत नाही. सेन्योर वेन्सेस नावाचे स्पॅनिश शब्दभ्रमकार चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्या मालिकेत पाहुणे होते. हाताची मूठ करायची, अंगठा आणि तर्जनीला ओठ रंगवायचे, की झाला त्यांचा बाहुला. तो भाग पाचव्या मोसमातला, माझ्याकडे नाही. मी मुलांना माझ्या मुठीवर कुंकवाने ओठ काढून दाखवले. त्या संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक घरात एक मूठ बोलत होती. त्यात परदेशी काय उरलं?

तिसरं, जागेचं आणि पैशाचं. वर्ग फुकट चालतो, सभागृहाला उत्पन्न नाही. हे कारण मला पटतं. वीजबिल मलाही भरावं लागतं. पण मग ते मला सांगायचं होतं. आम्ही वर्गणी काढली असती, प्रयोग लावला असता. कुलूप घालून उत्पन्न वाढत नाही.

नव्या स्पर्धेबद्दलही बोलते. मुलांनी नाचावं, गावं, माझं काही म्हणणं नाही. पण प्रवेशफी तीनशे रुपये आहे, पोशाखाचा खर्च वेगळा, आणि दर फेरीत परीक्षक माईकवरून सांगणार की कोण बाद झालं. आमच्या एकोणीसपैकी दोघांनी फी भरली. त्यातला एक पहिल्याच फेरीत बाद झाला आणि पंधरा दिवस घराबाहेर खेळायला आला नाही. मपेट शोमध्ये फॉझी नावाचं एक अस्वल आहे. दर आठवड्याला ते विनोद सांगतं आणि दर आठवड्याला विनोद पडतो. वरच्या सज्जात स्टॅटलर आणि वॉल्डॉर्फ हे दोन म्हातारे बसलेले असतात, ते त्याची यथेच्छ टर उडवतात. पण पुढच्या आठवड्यात फॉझीला रंगमंच मिळतोच आणि ते दोघे म्हातारेही आपल्या जागेवर असतातच. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पुन्हा उभं राहायची जागा आहे, हे दिसलं पाहिजे. बाद करायला पुढे सगळं आयुष्य पडलंय.

ज्या दिवशी कुलूप लागलं त्याच आठवड्यात स्पर्धेचं उद्घाटन झालं. मी मागच्या रांगेत होते. प्रमुख पाहुणे पावणेदोन तास उशिरा आले. तोवर सत्तर मुलं मेकअप करून उभी होती, त्यांना बसायला सतरंजीही नव्हती. सत्कार झाले, भाषणं झाली, पाहुणे निघून गेले. एकाही मुलाशी ते बोलले नाहीत. त्यांचं नाव घेत नाही, त्यांचाही तो दोष नसेल. कुणी त्यांना मुलांजवळ नेलंच नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. महिन्यातले दोन शनिवार, चार ते सहा, सभागृह पूर्वीसारखं मिळावं आणि ते लेखी मिळावं. स्पर्धेची तयारी इतर दिवशी किंवा सहानंतर व्हावी. कपाट आणि त्याची किल्ली परत द्यावी. पार्लरवाल्या ताईंचा आरसा शोधून द्यावा, फुटला असेल तर तसं सांगावं, आम्ही भरून देऊ. भाडं हवं असेल तर आकडा सांगावा, आम्ही पालकांशी बोलू. पुढच्या वेळी मुलांच्या वर्गाविषयी काही ठरवायचं असेल त्या बैठकीत दोन आया आणि दोन मुलांना बसू द्यावं. त्यांना बोलता येतं, त्याची हमी मी देते.

आणि एक विनंती आहे. विश्वस्तांपैकी कुणीही एक जण, वर्ग सुरू झाल्यावर पहिल्या शनिवारी, पाहुणा म्हणून यावा. हार नसेल, खुर्ची नसेल. चादरक्का काय विचारेल ते मला आत्ता सांगता येणार नाही, तिच्यात हात कुणाचा असेल त्यावर ते अवलंबून आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतील तोवर उत्तर यावं, एवढी अपेक्षा आहे. पोती मी घरी आणली आहेत. सदतीसपैकी एकतीस बाहुल्या गच्चीवर वाळवून नीट झाल्या, सहांचा फोम कुजला, तो बदलायचं काम मुलं माझ्या ओसरीवर करताहेत. टॉवेलप्पाचा डावा डोळा निघालाय. नवा बॉल आणलाय, कापायचा आहे.

आपली,
हस्तकला शिक्षिका (निवृत्त),
पूर्व भाग, सोलापूर